आयडीएच ‘निगेटिव्ह’ म्हणजे नेमके काय?

मेंदूच्या गाठीत आयडीएच या जनुकातील बदल शोधणारी प्रतिपिंड-चाचणी निगेटिव्ह आली की ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा अतिशय आक्रमक कर्करोग) समजावा, हे एका लेखातील विधान तरुण रुग्णांच्या बाबतीत घातक ठरू शकते. ही चाचणी आयडीएच-१ मधील आर१३२एच हा एकच बदल टिपते. आयडीएच-२ मधील किंवा इतर विरळ बदल तिच्यातून निसटतात, म्हणून ५५ वर्षांखालील रुग्णांत, विशेषतः एटीआरएक्स प्रथिन लोपलेले दिसल्यास (ते लोपणे आयडीएच-बदलाकडे बोट दाखवते), जनुकक्रम तपासल्याशिवाय निदान पक्के करू नये. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार प्रौढांतील आयडीएच-बदल असलेली गाठ ग्लायोब्लास्टोमा ठरतच नाही. इंदूरला आमच्याकडे खरगोन-धारहून आलेले नातेवाईक गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा रुमालात बांधून आणतात; जनुकक्रम तपासायला तो मुंबईला पाठवायचा म्हणजे त्यांना खर्च आणि वाट पाहणे दोन्ही आले, पण त्याच ठोकळ्यावर रोगाचे नाव बदलू शकते.