एका गाभाऱ्यात तीन देव

गेल्या चतुर्थीला माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या फळापानांच्या मांडवीचे, चारशे फोटो निघाले. मी एकट्याने नव्हे, घरातल्या सात मोबाइलांनी मिळून. ते संगणकावर उतरवले आणि सी ड्राइव्हची निळी पट्टी लाल झाली. शेजारी एक टेराबाइटचा डी ड्राइव्ह पडीक शेतासारखा मोकळा. म्हटलं, फोल्डरच तिकडे हलवू.

स्थलांतराची भीती गोंयकाराला काय सांगता? सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा आमचे देवसुद्धा जुवारी नदी ओलांडून गेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. वेर्ण्याची म्हाळसा तर जागेचं नावही सोबत घेऊन म्हार्दोळला आली. वेर्ण्यात आजही जुनं म्हार्दोळ आहे. तिथे माझे तीन फोल्डर म्हणजे किस झाड की पत्ती!

डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. जागा विचारली, मी डी दाखवला. आत वेगळा फोल्डर करायचा असतो हे कोण सांगणार? मग पिक्चर्स, मग डाऊनलोड्स. दरवेळी काहीतरी विचारणा झाली आणि दरवेळी मी न वाचता 'होय' म्हटलं. लग्नापासूनची सवय.

आता डॉक्युमेंट्स उघडलं की माटोळी. पिक्चर्स उघडलं की माटोळी, खाली भाच्याचा जन्मदाखला. देवांनी प्रत्येकाला वेगळं देऊळ घेतलं होतं. मी तिघांना एकाच गाभाऱ्यात कोंबलं होतं. घाबरून 'रिस्टोअर डिफॉल्ट' दाबलं, तर उत्तर आलं : याच जागी दुसरा फोल्डर आहे, हलवता येत नाही. म्हणजे एकाला उठवायला गेलं की दुसरा पदर धरतो.

भाच्याला फोन लावला. तो पुण्यात असतो आणि उसासा गोव्यापर्यंत ऐकू येईल असा टाकतो.

"मामा, रजिस्ट्रीत जावं लागेल. आधी एक्स्पोर्ट करून ठेवा. आणि मी सांगेन तेवढंच."

रजिस्ट्री म्हणजे विंडोजची कोमुनिदादची, गावाच्या सामाईक जमिनीची, वही. कोण कुठल्या जमिनीवर बसलाय ते सगळं तिथे. 'शेल फोल्डर्स' नावाचं एक पान सापडलं, त्यात पहिलीच ओळ : ही 'की' (म्हणजे हे पान) वापरू नका. मी ती भक्तिभावाने बंद केली. खरं पान शेजारचं, 'यूजर शेल फोल्डर्स'. तिथे डॉक्युमेंट्स नावाचं कुणी नव्हतंच!

"पर्सनल बघा. तेच डॉक्युमेंट्स."

अरे, मग तसं लिहायचं ना! आमच्या वाड्यावरही कागदावरचं नाव विचारलं तर कुणी घर दाखवत नाही म्हणा. पिक्चर्स मात्र 'माय पिक्चर्स' म्हणून भेटले. दोघांसमोर नुसतं डी. डीमध्ये दोन फोल्डर केले, फायली हाताने वाटल्या, रजिस्ट्रीत नवे पत्ते लिहिले. तेवढ्यात जून महिन्याच्या रिवाजानुसार वीज गेली. इन्व्हर्टरने लाज राखली. साइन आउट, साइन इन, आणि जन्मदाखला माटोळीतून सुटला.

राहिले डाऊनलोड्स. त्यांना त्या पानावर नावच नाही. महिरपी कंसात ३७४डीई२९० पासून सुरू होणारी लांबलचक आगगाडी. तिच्या वाटेला जायचा धीर मला अजून झालेला नाही.

त्यामुळे बायको डाऊनलोड्स उघडते तेव्हा अख्खा डी ड्राइव्ह सहकुटुंब दर्शन देतो.

"अहो, विजेचं बिल उतरवलं होतं ना? कुठाय?"

"खाली बघ. सगळे देव संपले की."