टाळेबंदी उठते पणजीत, गाव उघडते वाड्यावर

गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. कोविडसारख्या साथीनंतर गाव पुन्हा उघडायचे तर पहिल्या दिवसापासून कोणी काय करायचे, याचा लिहून ठेवलेला कागद त्यांतल्या किती कचेऱ्यांच्या कपाटात सापडेल? मला हा प्रश्न आजच तातडीचा वाटतो, कारण साथ दारात आल्यावर असा कागद लिहायला कोणालाच उसंत नसते.

बंद करायला एक आदेश पुरतो. उघडणे मात्र महिनोन् महिने चालते आणि दर पंधरवड्याला नियम बदलतो. २०२० चे वर्ष आठवा. १ जूनला बाकीचा देश उघडायला लागला आणि नेमके त्याच दिवशी वास्कोचे मांगोर हिल प्रतिबंधित क्षेत्र झाले. ८ जूनला देवळे आणि हॉटेलांना मुभा मिळाली, २ जुलैपासून मान्यता मिळालेल्या हॉटेलांत पर्यटक येऊ लागले, २२ ऑगस्टला चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी आली, १ सप्टेंबरला राज्याच्या सीमा मोकळ्या झाल्या, १ नोव्हेंबरला कॅसिनो सुरू झाले, २१ नोव्हेंबरला दहावी-बारावीचे वर्ग. या प्रत्येक तारखेला माणसे विचारत होती, "आमच्या वाड्यावर आता नक्की काय चालेल?" त्याचे उत्तर देणारा माणूस गावातच हवा, आणि तो आधी ठरलेला हवा.

सुरुवात यादीपासून करा. शंभर घरांचा वाडा असेल तर दहा स्वयंसेवक, प्रत्येकाकडे दहा घरे. प्रत्येकाच्या मागे एक बदली माणूस ठेवा, कारण स्वयंसेवकही आजारी पडतो आणि मग त्याची दहा घरे कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. यादीत एकटे राहणारे म्हातारे, अंथरुणाला खिळलेले, इन्सुलिन किंवा डायलिसिसवर असलेले, गरोदर बाया, आणि ज्यांच्या घरी फोनच नाही अशी माणसे यायला हवीत. भाड्याच्या खोल्यांत राहणारे कामगार या यादीतून हमखास सुटतात, कारण यादी करणारा मतदारयादी पुढ्यात घेऊन बसतो. घरमालकाला विचारून त्या खोल्या वेगळ्या लिहा. सहा जणांना एक नळ आणि एक संडास असेल तर तिथे "घरातच वेगळे राहा" हा सल्ला निरुपयोगी आहे. त्यांच्यासाठी शाळा किंवा पंचायतीची खोली आधीच ठरवून ठेवावी लागते.

ही यादी कागदावर असावी, दोन माणसांकडे असावी, आणि व्हॉट्सॲपवर कधीही जाऊ नये. रुग्णांची नावे गटागटांत फिरली की पुढचा ताप आलेला माणूस तोंड उघडत नाही, तपासणीला जात नाही, आणि मग घरातले चौघे आजारी पडल्यावर गावाला कळते. नाव फोडणाऱ्याला पंचायतीने स्पष्ट शब्दांत खडसावले पाहिजे, मग तो कोणाचाही कार्यकर्ता असो.

सूचनेचा कागद अर्ध्या पानाचा करा. मराठी आणि कोकणी तर हवीच, कामगारांच्या खोल्यांजवळ हिंदी आणि कन्नडही. वर क्रमांक, तारीख, आणि "अमुक तारखेपर्यंत लागू" ही ओळ. काय उघडे, किती ते किती, ताप आला तर कोणाला फोन करायचा, बस्स. नवा कागद लावणाऱ्याने जुना फाडून न्यायचा, ही अट सक्तीची ठेवा. घरी विलगीकरणाचे दिवस आधी सतरा होते, २०२१ मध्ये दहा झाले, २०२२ च्या जानेवारीत सात. तिन्ही कागद एकाच भिंतीवर राहिले तर लोक आपल्याला सोयीचा आकडा निवडतात. कागद लावायच्या जागा म्हणजे सोसायटीचे रेशन दुकान, बसस्टॉप, औषधाचे दुकान, देवळाचा फलक. पोदेर, म्हणजे पाववाला, रोज सकाळी दारोदार जातो. त्याची तयारी असेल तर त्याच्यासारखा निरोप्या नाही.

आता रांगा. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे (वृद्ध, विधवा आणि दिव्यांगांची मासिक मदत) दोन हजार आणि गृह आधारचे (गृहिणींची मासिक मदत) दीड हजार खात्यात जमा झाल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी बँकेसमोर साठीच्या पुढची माणसे आणि बाया उभ्या राहतात, म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त धोका तीच एकत्र येतात. बँक व्यवस्थापकाला आधी भेटून वाड्यानुसार वार ठरवून घ्या आणि आदल्या संध्याकाळी स्वयंसेवकांमार्फत टोकन वाटा. जमिनीवर चुन्याचे गोल आखण्याची आपल्याकडे फार हौस. जूनमध्ये पहिल्या सरीत ते वाहून जातात आणि पावसाने माणसे वळचणीला एकमेकांना चिकटून उभी राहतात. गोव्यात उघडण्याचे महिने पावसाचे निघाले तर रांगेवर पत्र्याचा किंवा ताडपत्रीचा मांडव घालावाच लागेल, निदान वीस माणसे सहा फुटांवर उभी राहतील एवढा लांब. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या, खरेदीचेही तसेच. सुके मासे, मिरची, मीठ, सोलां (आमसुले) घ्यायला सगळा गाव एकाच आठवड्यात बाहेर पडतो. विक्रेत्यांना दोन-तीन वाड्यांवर वेगवेगळ्या दिवशी मोकळ्या मैदानात बसू दिले तर तिंट्यावरची (बाजाराच्या नाक्यावरची) निम्मी गर्दी तिथेच जिरते.

निर्जंतुकीकरणावर गावांनी पैसा आणि कष्ट फार चुकीच्या ठिकाणी घातले. रस्त्यांवर फवारणी केल्याने काही साधत नाही. धूळ आणि माती क्लोरीन खाऊन टाकतात. माणसांवर फवारणी तर करूच नये, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२० लाच तसे सांगितले होते. हात लागतात त्या जागा पुसा: कडी, नळ, काउंटर, बसचा दांडा. आधी साबणाच्या पाण्याने, मग हायपोक्लोराइटने, म्हणजे बाटलीतल्या पातळ ब्लीचने. बाटलीवर पाच टक्के लिहिले असेल तर दहा लिटर पाण्याला २०० मिलिलिटर. संडासासाठी एक भाग हायपोक्लोराइट, चार भाग पाणी. दहा मिनिटे ओले राहू द्या. धातूवर असेल तर नंतर साध्या पाण्याने पुसा, नाहीतर पितळ काळे पडते आणि लोखंड गंजते. द्रावण रोज ताजे करा, ऊन लागू देऊ नका. ॲसिडच्या टॉयलेट क्लीनरमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात हे जिवावर बेतू शकते.

ब्लीचिंग पावडर आपल्या दमट हवेत लवकर मरते. डबा उघडल्यावर नाकात झणझणले नाही तर ती फेकून द्या. शाळा किंवा देवळाची विहीर महिनोन् महिने उपसली नसेल तर पाणी वापरण्याआधी तिला पावडर हवी. गोल विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा, व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ७८५ केले की लिटर मिळतात. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर. तीन मीटर व्यास आणि दोन मीटर पाणी असेल तर साधारण चौदा हजार लिटर, म्हणजे ३५ ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात कालवून पाणी वाढवा, चुना खाली बसू द्या, आणि वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत सोडून खालीवर हलवा. चुना विहिरीत ओतायचा नाही. तासभर थांबून मग पाणी काढा. बंद इमारतींच्या टाक्या रिकाम्या करून घासा आणि संडासाचे फ्लश ओढून घ्या, नाहीतर कोविड टळला तरी डेंग्यू येईल.

कडीपेक्षा हवा महत्त्वाची आहे, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष दिले गेले. स्लॅबचे सभागृह, बंद खिडक्या आणि वर गरगरणारे पंखे असतील तर पंखे तीच हवा फिरवत राहतात. समोरासमोरच्या खिडक्या उघडा, एका बाजूला हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा. चवथीला मूळ घरी सगळी भावकी जमते. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, चाळीस माणसांनी अर्धा तास आरत्या म्हणणे ही साथीत सर्वांत धोक्याची वेळ, कारण मोठ्याने गाताना तोंडातून बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त कण बाहेर पडतात. पूजा आत दोघा-तिघांनी करावी, आरती आणि भजन अंगणात किंवा बल्कांवात (घरापुढच्या उघड्या ओट्यावर), कुटुंबांनी पाळीपाळीने यावे. देवाला त्यात काही उणे पडत नाही. २०२० मध्ये अनेक देवस्थानांनी परवानगी मिळूनही दार उघडायची घाई केली नाही, त्यांचे मला मनापासून कौतुक वाटते.

घरी असलेल्या रुग्णासाठी स्वयंसेवकाने किराणा दारात ठेवून निघून जाणे पुरेसे नाही. रोज दोनदा फोन करायचा आणि वहीत ताप, ऑक्सिजन, नाडी लिहायची. लक्षणांच्या पहिल्या दिवसापासून मोजणी ठेवा. कोविडमध्ये पाचव्या ते दहाव्या दिवशी अनेकांची तब्येत अचानक खालावत होती, आणि ताप उतरला म्हणून घरचे नेमके तेव्हाच निर्धास्त होत. ऑक्सिमीटर लावण्याआधी पाच मिनिटे शांत बसवा, नखांचा रंग काढा, बोटे गार असतील तर चोळून गरम करा, आकडा स्थिर होईपर्यंत निदान अर्धा मिनिट थांबा. ९४ च्या खाली गेला तर दुसऱ्या बोटावर एकदा बघा आणि तोच आला तर आरोग्य केंद्राला किंवा १०८ ला फोन करा. संध्याकाळपर्यंत वाट बघू नका. २०२१ च्या मे महिन्यात उशिरा पोचण्याची किंमत गोव्याने मोजली आहे. औषधे आणायची तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत घ्या, पैसे पाकिटात, बिल परत त्याच पाकिटात. हिशेबावरून वाद झाला की मदत तिथेच थांबते.

येत्या ग्रामसभेत एवढाच ठराव मांडा: प्रत्येक वॉर्डासाठी स्वयंसेवकांची आणि त्यांच्या बदली माणसांची नावे, दर वर्षी एप्रिलमध्ये यादीची पडताळणी, विलगीकरणासाठी एक ठरलेली खोली, पंचायतीच्या खर्चाने वॉर्डागणिक दोन ऑक्सिमीटर आणि दोन थर्मामीटर, त्यांच्या बॅटऱ्या काढून वेगळ्या ठेवलेल्या, आणि एक ताडपत्री. ठराव इतिवृत्तात लिहून घेतला की नाही हे त्याच बैठकीत सचिवांना विचारा.