दाजी, ती जाड पिन तोडू नका

परवा रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. "अरे, हे पक्कड घेऊन बसलेत. म्हणतात, प्लगची पिन तोडायची आहे. तू जरा बोल यांच्याशी." दाजी फोनवर आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "काही नाही रे, पोरीच्या गिटारच्या अँपचं हमिंग, ते सारखं घुमणं, घालवतोय. मेसेजमध्ये दिलंय तसं." मी म्हणालो, पक्कड खाली ठेवा, मी येतोय. कोथरूडहून सदाशिव पेठेत त्या वेळी पोचायला पंधरा मिनिटं लागतात. मला बारा लागली.

तो मेसेज तुम्हालाही आला असेल. 'जुना गिटार अँप घेताय? दुकानदार कधीच सांगणार नाहीत अशा ७ गोष्टी!' खाली ज्वाळा, दोन गिटारी आणि 'प्रत्येक कलाकारापर्यंत पोचवा'. लिहिणाऱ्याचं नाव नाही. भाचीच्या क्लासच्या ग्रुपवर आला, तिथून तिच्या फोनवर, तिथून दाजींच्या. माझ्याकडे त्याच आठवड्यात तिघांनी पाठवला. दाजी विजेचं बिल दोनदा तपासतात, भाजीवालीचा हिशेब तीनदा. पण मराठीत क्रमांक घालून लिहिलेलं काहीही त्यांना लगेच पटतं.

मेसेज म्हणतो ते असं. एक, १०० वॅटच्या खालचा अँप घेऊ नका, पस्तावाल. दोन, ट्यूब अँप (जुन्या रेडिओसारखा काचेच्या नळ्यांवर चालणारा) हाच खरा, बाकी खेळणी. तीन, अमेरिकेतून आणलेला माल मिळाला तर डोळे झाकून घ्या. चार, अँप घुमत असेल तर प्लगची जाड पिन काढून टाका, मोठमोठे कलाकार हेच करतात. पाच, पैसे नसतील तर गिटार सरळ होम थिएटरला जोडा. सहा, नॉब फिरवताना खरखर आली की अँप संपला समजा. सात, लाल दिवा लागला की अँप ठीक आहे, विकणाऱ्याचा जास्त वेळ खाऊ नका.

चौथ्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या सहांनी पैसे जातात, याने माणूस जातो.

ती जाड पिन अर्थिंगची असते. ती इतर दोन पिनांपेक्षा लांबही असते, आणि ते उगाच नाही: प्लग आत जाताना अर्थ सगळ्यात आधी जोडली जावी आणि बाहेर येताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. अँपची लोखंडी चासी, म्हणजे आतला सांगाडा, या पिनेला जोडलेली असते. चासीला गिटारच्या केबलचं बाहेरचं जाळीचं वेष्टण जोडलेलं असतं. ते वेष्टण गिटारमध्ये ब्रिजपर्यंत, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या पट्टीपर्यंत जातं. म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांवर बोटं ठेवणं म्हणजे अँपच्या चासीवर हात ठेवणं. आत एखादी वायर सुटून फेज चासीला टेकली, तर अर्थ असताना करंट त्या वाटेने जातो, फ्यूज उडतो, तुम्ही चरफडता आणि जिवंत राहता. पिन तोडलेली असेल तर फ्यूज उडत नाही. २३० व्होल्ट तारांवर येऊन तुमच्या बोटांची वाट बघत बसतात.

'मोठमोठे कलाकार हेच करतात' म्हणे. एका मोठ्या कलाकाराचंच सांगतो. कीथ रेल्फ, द यार्डबर्ड्सचा गायक. एरिक क्लॅप्टन, जेफ बेक आणि जिमी पेज हे तिघेही ज्या बँडमधून पुढे गेले, तो बँड. मे १९७६ मध्ये हा माणूस स्वतःच्या घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवताना शॉक लागून गेला. कारण नोंदलं गेलं ते हेच, अर्थिंग नीट नव्हतं. वय ३३. स्टेज नाही, पाऊस नाही, गर्दी नाही. घरी. मेसेज लिहिणाऱ्याला हे माहीत नसेल असं मी धरून चालतो, कारण माहीत असूनही लिहिलं असेल तर त्याला काय म्हणायचं ते इथे लिहिता येणार नाही.

आता अर्धं खरं काय, तेही सांगून टाकतो. पिन काढल्यावर हमिंग कधीकधी खरंच बंद होतं. अँप एका सॉकेटवर, लॅपटॉप दुसऱ्या सॉकेटवर आणि दोघांच्या मध्ये ऑडिओ केबल, असं असलं की अर्थला जायच्या दोन वाटा होतात, त्यांचं एक कडं तयार होतं आणि त्यातून फिरणारा बारीकसा करंट आवाजात घुमतो. एक पिन तोडली की कडं तुटतं. पण कडं दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावूनही जवळजवळ जातं, त्यासाठी पक्कड लागत नाही. ढेकूण मारायला घर जाळण्यातला प्रकार आहे हा.

आणि गंमत म्हणजे दाजींच्या घरी हे कडं नव्हतंच. मी पोचलो तेव्हा भाची सांगत होती, "मामा, अनवाणी उभं राहून वाजवलं की बोटांना मुंग्या येतात." शहाबादी फरशी, पावसाळ्याची ओल, अनवाणी पाय. माझ्या अंगावर काटा आला. मल्टिमीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३२. फेज आणि अर्थमध्येही साधारण तेवढेच दिसायला हवेत. आकडा कधी ७०, कधी ४०, नुसता भटकत होता. वाड्यात पूर्वी दोनच तारा ओढलेल्या. नंतर कुणीतरी तीन भोकांचं सॉकेट बसवलं, तिसरं भोक शोभेला. अँप उचलून स्वयंपाकघरात फ्रिजच्या सॉकेटवर लावला, तिथे अर्थिंग नवं आहे. हमिंग तीन चतुर्थांश गेलं, मुंग्या पूर्ण गेल्या. म्हणजे ज्या पिनेला काम करायला मिळत नव्हतं म्हणून अँप घुमत होता, तीच तोडायला दाजी निघाले होते. उरलेलं घुमणं तिच्या गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपचं, म्हणजे तारांखालच्या एका वेटोळ्याच्या चुंबकी भागाचं. गिटार घेऊन गोल फिरलं की ते कमीजास्त होतं, ट्यूबलाइटपासून लांब गेलं की आणखी कमी. पिन असो नसो, ते येणारच.

जुना अँप बघायला गेलात तर घुमण्यातून बरंच कळतं, ते त्या मेसेजमध्ये एका शब्दाने नाही. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर न्या. घुमणं गेलं तर दोष अँपमध्ये नाही, पिकअपमध्ये किंवा खोलीत आहे. राहिलं तर केबल काढा. तेव्हा गेलं तर केबल तपासा. केबल काढून, अँपचे सगळे नॉब शून्यावर नेऊनही एक जाड सूर चालूच असेल, तर बहुधा पॉवर सप्लायचे कपॅसिटर म्हातारे झालेत. तो सूर १०० हर्ट्झच्या आसपास असतो, कारण आपली वीज ५० ची आणि डीसी करताना ती दुप्पट होते. सहाव्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवा, तिथला जी ९८ हर्ट्झचा. जुळला की समजायचं. आपल्याकडचे आजारी अँप साधारण जी मध्ये कण्हतात. कपॅसिटर बदलून मिळतात, टपकीर गल्लीत सुटे भागही मिळतात, पण तो खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करायची.

आता वॅट. या मुद्द्याचा मला खरा राग आहे, कारण भाचीचं बजेट ८,००० रुपये आणि या वाक्यामुळे ती दोन आठवडे एका १०० वॅटच्या धुडाकडे डोळे लावून बसली होती. १०० वॅटचा अँप १० वॅटच्या दहापट मोठा वाजत नाही. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट पॉवर लागते. म्हणजे १०० वॅट हा १० वॅटच्या फार तर दुप्पट. आणि १० तरी कशाला हवेत? सेलेशनचा व्हिंटेज ३० हा गिटारचा प्रसिद्ध स्पीकर घ्या. कंपनीच्या माहितीपत्रकात त्याची सेन्सिटिव्हिटी १०० डेसिबल दिलेली आहे, म्हणजे एका वॅटवर, एक मीटर अंतरावर १०० डेसिबल. एका वॅटवर! निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे, २००० सालच्या नियमांनुसार. आता हिशेब करा आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. बॉसच्या कटाना ५० अँपवर अर्ध्या वॅटचं सेटिंग मुद्दाम दिलेलं आहे, ते काही मूर्खांनी दिलेलं नाही.

घरासाठी १० ते २० वॅट हा आकडासुद्धा मोठाच आहे. बाजारात त्या आकाराचे अँप सहज मिळतात म्हणून घ्यायचे. एक गोष्ट मात्र कबूल करतो. मोठ्या अँपचा आवाज हळू वाजवतानाही भरदार वाटतो. त्याचं श्रेय वॅटला नाही, १२ इंची स्पीकरला आणि मोठ्या खोक्याला आहे. ६ इंची स्पीकर डब्यात बोलल्यासारखा वाजतो. तेव्हा जागा असेल तर वॅट सोडा, स्पीकरचे इंच बघा. निदान ८.

ट्यूबचं काय? ट्यूबचा आवाज वेगळा असतो, गोड असतो, मी वाद घालत नाही. पण तो गोडवा बऱ्याच अंशी अँप मोठ्याने ढकलल्यावर येतो, आणि ढकलायचा कुठे, वाड्यात? शिवाय जुन्या ट्यूब अँपमध्ये आत तीनशे-चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ राहू शकतात. ज्या घरात मेसेज वाचून पक्कड बाहेर येते, त्या घरात ट्यूब अँप नको. स्पीकर न जोडता तो चालू केला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, हेही पहिल्यांदा घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. पहिला जुना अँप साधा ट्रान्झिस्टरवाला घ्या.

अमेरिकेतून आलेला माल. बाणेर-वाकडकडे परत आलेली मंडळी विकायला काढतात, वस्तू बहुतेक वेळा उत्तम जपलेली असते. पण डोळे झाकून नाही, डोळे उघडून, आणि अँप मागे वळवून. मागे १२० व्होल्ट एवढंच लिहिलेलं असेल आणि तुम्ही आपल्या भिंतीत घातलात, तर पहिला सूर धुराचा निघेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, अँपच्या गरजेच्या दुप्पट क्षमतेचा घेतलेला बरा, आणि त्याचं वजन व किंमत दोन्ही हिशेबात धरा. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. त्यामुळे अँपचा ट्रान्सफॉर्मर जरा जास्त तापतोही.

पाचवा मुद्दा वाचून मला हसू आलं. पहिल्या मुद्द्यात १०० वॅटच्या खाली बोलायचं नाही आणि पाचव्यात होम थिएटर चालतंय. गिटारच्या पिकअपला साधारण एक मेगाओहमची इनपुट इम्पीडन्स, म्हणजे इनपुटचा विरोध लागतो. होम थिएटरचा त्याच्या कितीतरी खाली असतो, त्यामुळे आवाज तोंडावर उशी धरल्यासारखा येतो. त्यात डिस्टॉर्शन, म्हणजे रॉकमधला तो फाटका आवाज, लावाल तर मधमाश्या, कारण गिटारचे स्पीकर वरच्या पट्टीतली किरकिर मुळातच गाळतात आणि घरचे गाळत नाहीत. खरोखर पैसे नसतील तर साधा ऑडिओ इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडणारी छोटी पेटी), आहे तो लॅपटॉप आणि हेडफोन. आजोबाही खूश.

नॉबच्या खरखरीवर काय बोलणार. ती धूळ असते. काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून नॉब वीस वेळा इकडून तिकडे फिरवला की बहुतेक वेळा जाते. उलट खरखरणारा अँप शोधा, कारण मेसेज वाचलेले बाकीचे गिऱ्हाईक पळून गेलेले असतात आणि भाव पाडता येतो.

राहिला लाल दिवा. तो एवढंच सांगतो की दिवा लागतो. स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल घेऊन जा, निदान वीस मिनिटं वाजवा, काही दोष तापल्यावरच तोंड वर काढतात. केबलचा जॅक इनपुटमध्ये हलवून बघा. आवाज तुटत असेल तर आतलं सोल्डरिंग सुटलंय, किरकोळ काम आहे. अँप बंद असताना स्पीकरचा कागद चार बोटांनी हलकेच आत दाबा, घासल्यासारखं लागलं तर स्पीकर गेला. मल्टिमीटर असेल आणि स्पीकरची वायर काढता येत असेल, तर ८ ओहमचा स्पीकर ६ ते ७ दाखवतो; ते बरोबर आहे, घाबरू नका. आणि मागे जाऊन प्लग बघा. तीन पिना आहेत ना? कुणीतरी आधीच मेसेज वाचलेला असू शकतो.

भाचीच्या खोलीत दुसऱ्या दिवशी वायरमन येऊन अर्थची तिसरी तार ओढून गेला. अँप तिच्या कॉलेजातल्या सीनियरचा आहे, फिरोदिया करंडक स्पर्धेच्या वेळी घेतलेला, १५ वॅट, ८ इंची, शनिवारपर्यंत ट्रायलवर. तो ६,००० म्हणतोय. ट्रेबलचा नॉब खरखरतो, तेवढं दाखवून आम्ही ५,००० म्हणणार आहोत आणि घासाघीस दाजी करणार आहेत, त्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पक्कड मात्र अजून माझ्या स्कूटरच्या डिकीत आहे.