'फोर्टनाइट'ची चूक मान्य, यादी मात्र नाही

सर, नमस्कार.

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंत असं लिहिलंय, तेव्हा सर म्हणणंच बरं. मागच्या लेखात मी इथे स्पेनमधल्या विगो या बंदराच्या शहरात स्पॅनिश बोलणाऱ्यांना इंग्रजीतले वेळेचे शब्द शिकवताना काय काय होतं ते लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. 'फोर्टनाइट' म्हणजे पंधरा दिवस असं मी लिहिलं, ते चूक. पन्नास शब्दांची यादी पाठ करून घेतली की काम भागतं, त्यासाठी एवढं पाल्हाळ कशाला? आणि मराठी वाचकाला या सगळ्याचं काय?

पहिला आक्षेप मुकाट्याने कबूल. तो शब्दच मुळी जुन्या इंग्रजीतल्या 'चौदा रात्रीं'वरून आलेला आहे. पण मी घसरले कशी ते सांगते. माझ्या डोक्यात पंधरवडा, आणि कानावर दिवसभर 'किन्थे दिआस'. स्पॅनिशमध्ये दोन आठवड्यांना सर्रास 'पंधरा दिवस' म्हणतात आणि एका आठवड्याला 'ओचो दिआस', म्हणजे आठ दिवस. आपल्या 'आठवड्या'तही दिवस सात आणि नावात आठ, त्यामुळे मला ते कधी खटकलंच नाही. माझा एक विद्यार्थी बंदरावर मासळी निर्यातीच्या कचेरीत आहे. त्याने मंगळवारी इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला लिहिलं, माल पंधरा दिवसांनी पोचेल. गिऱ्हाइकाने बोटं मोजून बुधवारी गाडी पाठवायचं ठरवलं. माल मंगळवारीच येऊन पडला. दोघांनाही वाटलं, समोरच्याला मोजता येत नाही.

आता यादी. ती मी करून बघितली आहे सर, पहिल्या वर्षी. वार, महिने, शतक, दशक यांना ती चालते. इथे वारांची-महिन्यांची नावं वाक्यात लहान अक्षराने लिहितात, इंग्रजीत मोठं अक्षर लागतं, एवढं सांगितलं की झालं. 'अक्तुआल्मेन्ते' म्हणजे 'सध्या', त्याचा 'अ‍ॅक्चुअली'शी संबंध नाही, हेही यादीत बसतं. यादी फसते ती 'तार्दे'पाशी. तुम्ही म्हणता, शब्दकोशात 'तार्दे' म्हणजे 'आफ्टरनून' असं स्वच्छ दिलंय, मग अडतं कुठे?

अडतं घड्याळापाशी आणि जेवणापाशी. 1940 साली स्पेनने आपली घड्याळं मध्य युरोपच्या वेळेवर नेली, ती आजही तिथेच आहेत. विगो तर लंडनच्याही बरंच पश्चिमेला. मिन्यो नदीचा पूल ओलांडून पोर्तुगालात गेलं की घड्याळ एक तास मागे घ्यावं लागतं. त्यामुळे इथे उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर येतो तो अडीच वाजून गेल्यावर, आणि जून अखेरीला मावळतो रात्री सव्वादहाच्या सुमाराला. लोक जेवायला बसतात दोन-अडीचला, आणि जेवण होईपर्यंत 'बुएनोस दिआस', म्हणजे सकाळचा नमस्कार, चालतो; त्यानंतर अंधार पडेपर्यंत 'तार्दे'. म्हणून माझे विद्यार्थी दुपारी दीड वाजता इंग्रजाला 'गुड मॉर्निंग' म्हणतात आणि रात्री नऊला, ऊन असताना, 'गुड आफ्टरनून'. शब्द त्यांना येतो, यादीतला अगदी बरोबर शब्द येतो. तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे यादी सांगत नाही.

याहून वाईट 'नोचे'चं, म्हणजे रात्रीचं. 'बुएनास नोचेस' भेटल्यावरही म्हणतात आणि निघतानाही, इंग्रजीत 'गुड नाइट' मात्र फक्त निरोप घेताना. माझी एक विद्यार्थिनी हॉटेलात रात्रपाळीला असते. थकून-भागून दारात आलेल्या पाहुण्यांना ती हसून 'गुड नाइट' म्हणायची. ते बिचारे पेटी हातात घेऊन घोटाळत उभे राहायचे, की खोली नाहीच की काय.

(थोडं विषयांतर, पण तुम्हाला आवडेल. इंग्रजीतला 'नून' आला लॅटिनमधल्या 'नवव्या तासा'वरून. तास सूर्योदयापासून मोजायचे, म्हणजे तो मुळात दुपारी तीनच्या आसपासचा. तो मागे सरकत बारावर आला. स्पॅनिश 'सिएस्ता' आली 'सहाव्या तासा'वरून, म्हणजे खरोखरच्या मध्यान्हीवरून, आणि ती सरकत जेवणानंतर गेली. दोघांनी जागांची अदलाबदल केल्यासारखंच झालं.)

तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर खरं तर 'टाइम' या एका शब्दात आहे. त्याला स्पॅनिशमध्ये तीन शब्द लागतात: किती काळ जातो तो 'तिएम्पो', घड्याळात किती वाजले ती 'ओरा', आणि कितव्यांदा घडलं ते 'बेथ'. तुम्ही याला स्पॅनिशचा गोंधळ म्हणालात. आता आपलं बघा. 'माझा वेळ गेला' यातला वेळ पुल्लिंगी. 'जेवायची वेळ झाली' यातली वेळ स्त्रीलिंगी. आणि 'तीन वेळा सांगितलं' यातल्या वेळा आणखी वेगळ्या. आपण एकाच शब्दाचं लिंग आणि वचन बदलून तेच तीन कप्पे केलेत, आणि शाळेत कुणी ते शिकवलेलंही आठवत नाही. वर 'तिएम्पो'चा आणखी एक अर्थ क्रियापदाचा काळ, तिथेही आपला 'काळ' हजर. (हवामानालाही ते 'तिएम्पो'च म्हणतात, तिथे मात्र आपली साथ सुटते.) माझ्या विद्यार्थ्यांना 'हाउ मच टाइम' आणि 'हाउ मेनी टाइम्स' यांत गोंधळताना बघते तेव्हा मला मराठीच जास्त उपयोगी पडते, इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक नाही.

आणि 'सिन्स' आणि 'फॉर'? इथला माणूस म्हणतो, 'तीन वर्षांपासून मी इथे राहतो', साध्या वर्तमानकाळात. तेच इंग्रजीत आणतो आणि 'आय लिव्ह हिअर सिन्स थ्री इयर्स' होतं. सर, तीस वर्षांत हे वाक्य तुम्ही लाल शाईने किती वह्यांत खोडलं असेल? नाशिकच्या मुलाची आणि विगोच्या मासळीवाल्याची चूक एकच, कारण दोघांची आपली भाषा तिथे वर्तमानकाळ वापरते. मराठी वाचकाला याचं काय, तर हे.

राहता राहिला तुमचा शेवटचा टोमणा, की सगळ्याला 'मन्याना', म्हणजे 'उद्या बघू', म्हणणाऱ्यांना वेळेचे शब्द शिकवून उपयोग काय. हा विनोद इथल्या लोकांनी परदेशी माणसांकडून इतका ऐकलाय की आता ते चिडतही नाहीत. 'मन्याना'ची खरी अडचण वेगळी आहे. त्याचा अर्थ 'उद्या' आणि 'सकाळ' दोन्ही, त्यामुळे उद्या सकाळी म्हणायचं तर 'मन्याना पोर ला मन्याना'. हसू नका, आपण 'परवा' म्हणतो तेव्हा तो परवा येऊन गेलाय की यायचाय, हे फक्त क्रियापदावरून कळतं. आणि चपला शोधत असताना 'आलोच' म्हणणाऱ्या माणसांनी दुसऱ्याच्या 'मन्याना'ला हसावं, हे जरा जास्तच.

तरी एक गोष्ट तुमची धरून ठेवते. लेखात मी 'अ‍ॅगो'ची जागा वाक्यात कुठे येते हे नुसतं ओझरतं लिहिलं होतं. स्पॅनिशमध्ये त्या अर्थाचा शब्द आकड्याच्या आधी येतो, इंग्रजीत नंतर, आणि तिथे तुम्ही सुचवलेली घोकंपट्टीच लागते. शनिवारच्या वर्गात वीस वाक्यं म्हणवून घेणार आहे.

'फोर्टनाइट'ची ओळ लेखात दुरुस्त केली आहे आणि चूक एका वाचकाने दाखवली असं खाली लिहिलंय. नाव कळवलंत तर तेही घालते.