साडेतीन तोळे तांबं

इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप, म्हणजे तारांची थरथर उचलून ॲम्पकडं धाडणारे तारांखालचे चुंबक आणि कॉइल, बदलायचेच असं ठरलं असेल, तर आधी घरातला स्क्रू ड्रायव्हर शेजाऱ्याला देऊन टाका. हंबकर, म्हणजे दोन कॉइलच्या, पिकअपच्या दोन्ही अंगांना एकेक स्क्रू असतो. तो फिरवला की पिकअप तारांजवळ सरकतो नाहीतर खाली जातो, आणि तेवढ्यानं आवाज बदलतो. जवळ आणला की जोर वाढतो, फारच जवळ आणला की चुंबक तारांना ओढायला लागतो आणि वरचे सूर डळमळतात, खाली घेतला की आवाज मोकळा होतो. पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. चुकून जमून गेलं तर अख्खी खरेदी बोंबलली की! एवढा धोका कशाला पत्करायचा?

तारांनाही हात लावू नका. मागच्या गणपतीत चढवलेल्या, सगळा पावसाळा पचवून गंजलेल्या, वाजवल्यावर बोटं काळी करणाऱ्या त्या तारा म्हणजे तुमचा भक्कम पुरावा आहे. नव्या चढवल्यात तर आवाज लख्ख होईल, मग दोष कुणाला देणार?

आता निवडीकडे येऊ. पिकअप कानानं निवडायचा नसतो, विशेषणांनी निवडायचा असतो. ऊबदार, मलईदार, दाणेदार, हवा असलेला, दात असलेला. आपल्याला हे अवघड जाऊ नये. कोल्हापुरात जन्मात चुलीपुढं न बसलेला माणूसही तांबड्या रश्श्यावर अर्धा तास बोलतो. फरक इतकाच, की तो आधी दोन वाट्या ओरपतो आणि मग तोंड उघडतो. तुम्ही तसं करायचं नाही. तुम्ही रात्री दीड वाजता अंथरुणात पडून फोनवर व्हिडिओ बघायचे. कुणाची तरी बोटं, कुणाचा तरी ॲम्प, त्याच्यापुढं कुठला तरी माइक, आणि हे सगळं शेवटी तुमच्या फोनच्या नखाएवढ्या स्पीकरमधून. त्यातूनही अल्निको टू आणि अल्निको फाइव्ह या चुंबकांतला फरक तुम्हाला स्पष्ट ऐकू आला पाहिजे. नाही आला तरी आला म्हणायचं.

अल्निको म्हणजे काय, हे कुणाला सांगू नका. नाव ऐकून अत्तर वाटतं. प्रत्यक्षात ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांची आद्याक्षरं जोडलेली आहेत, बाकीचं बरंचसं लोखंड. उद्यमनगरातल्या फाउंड्रीवाल्यापुढं हा शब्द तुम्ही डोळे मिटून उच्चारलात, तर तो तुम्हाला पाणी आणून देईल.

मिरजेचं वळण तर अजिबात गिरवू नका. पन्नासेक किलोमीटरवर तिथं कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत बसलेला असतो. घोडीवर हलकेच कानस फिरवतो, तार छेडतो, कान लावतो, पुन्हा कानस. असं ऐकत बसलं तर खरेदी कधी करणार?

विशेषणांनी समाधान होत नसेल तर आकडा धरा. दुकानदाराला विचारायचं, ‘‘किती के?’’ के म्हणजे किलोओहम, म्हणजे पिकअपच्या तारेचा विद्युतरोध. जुन्या धर्तीचा हंबकर साधारण 7 ते 9, आणि ‘हॉट’ म्हणून विकला जाणारा त्याच्या बराच वर. खरं तर हा आकडा तार किती लांब आणि किती बारीक एवढंच सांगतो. तितकेच टर्न, म्हणजे वेढे, ठेवून बारीक तार घेतली तरी आकडा वाढतो, आणि चुंबक कुठला हे त्यात येतच नाही. म्हणजे लंगोटाचं कापड मोजून खासबागेतला पैलवान ओळखायचा. पण आकडा तो आकडा. त्यात आपल्या हवामानाची मदत आहे. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला सुमारे 0.4 टक्के. पौषातल्या पहाटे मल्टिमीटरवर 8 दाखवणारा पिकअप मे महिन्याच्या दुपारी साडेआठच्या घरात जातो. हॉट पिकअप पाहिजे असेल तर उन्हाळ्यात मोजा. आमच्या बँडमध्ये एकानं हे करून दाखवलं आणि त्या भांडवलावर तो महिनाभर आमच्याशी वरच्या पट्टीत बोलत होता.

इतिहास मात्र पाठ पाहिजे. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये दोन कॉइलच्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. एका कॉइलचा पिकअप विजेच्या तारांची गुणगुणही इमानेइतबारे उचलतो, तिकडं 60 हर्ट्झची, आपल्या महावितरणची 50 हर्ट्झची. लव्हर यांनी दोन कॉइल एकमेकींविरुद्ध जोडल्या आणि त्यांच्याखालच्या चुंबकाची टोकंही उलटी ठेवली. गुणगुण एकमेकींना खाते, गिटारचा आवाज मात्र बेरजेत येतो. डोकं त्या माणसाचं, यात शंका नाही. पेटंट 1959 मध्ये मिळालं. त्याच्या आधी आणि नंतरही काही वर्षं पिकअपच्या बुडाला ‘पेटंट अप्लाइड फॉर’, म्हणजे पेटंटसाठी अर्ज केलाय, अशी चिठ्ठी चिकटलेली असायची. त्या काळात चुंबक हाताला येईल तो बसे आणि टर्न कमीजास्त होत, त्यामुळं दोन पिकअप एकसारखे निघत नसत. आज कंपन्या संगणक लावून तो ढिसाळपणा जसाच्या तसा उतरवतात आणि आपण त्या ढिसाळपणाचे वेगळे पैसे मोजतो. पुढं चिठ्ठीवर पेटंटचा नंबर छापला, तोही पिकअपचा नव्हताच, गिटारच्या टेलपीसचा, म्हणजे तारांची मागची टोकं धरणाऱ्या पट्टीचा होता. सातबारा एका शेताचा आणि पाटी दुसऱ्याच बांधावर. कोल्हापूरकराला यात नवल वाटायचं कारण नाही.

रंगही विचारात घ्या. धातूच्या झाकणाखाली कुणाला दिसत नव्हते तेव्हा काही बॉबिन, म्हणजे तार गुंडाळायचे रीळ, क्रीम रंगाचे निघाले. मग 1972 मध्ये डिमार्झिओनं सुपर डिस्टॉर्शन नावाचा, खास बदलून बसवायचा पिकअप काढला, आणि दोन्ही बॉबिन क्रीम असण्याचा अमेरिकेतला ट्रेडमार्क आज त्याच कंपनीकडं आहे. त्यामुळं रंगाचा आवाजाशी काही संबंध नाही असं कुणी म्हणालं तर सांगा, वकिलाशी तरी आहे.

पॉट, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या बटणाखालचे रोधक, 250 के चे की 500 के चे, पिकअपचे पोल, म्हणजे चुंबकी खुंट्या, तारांखाली नीट येतात का, असल्या किरकोळ गोष्टी पार्सल फोडल्यावर बघायच्या. वायरींचे रंगही प्रत्येक कंपनीचे वेगळे. लाल म्हणजे इथं हॉट, म्हणजे आवाज नेणारी, तिथं भलतंच. उलटी जोडली गेली तर दोन पिकअप मिळून पडसं झाल्यासारखा आवाज काढतात. त्याला ‘माझा खास टोन’ म्हणायचं आणि पुढं चालायचं.

मी हे सगळं पाळलं. जोडी 18 हजारांना पडली. पगार झालेल्या दिवशी मागवली आणि घरी सहा हजार सांगितले. बसवताना शेजाऱ्याकडचा स्क्रू ड्रायव्हर परत आणावा लागला, आणि तोच ब्रिजच्या, म्हणजे घोडीजवळच्या, पिकअपवर घसरला. टेप फाटली, आतली केसासारखी तार तुटली, पिकअप मुका. दुसऱ्या दिवशी गणपतीचा ऑर्केस्ट्रा! उरलेल्या एकट्या नेक, म्हणजे मानेकडच्या, पिकअपवर अख्खा कार्यक्रम काढला. ब्रिज आणि नेकच्या आवाजात जमीनअस्मानाचा फरक, हे मी तुम्हाला तासभर समजावून सांगू शकतो. त्या रात्री मला कुणी विचारलं नाही. पलीकडच्या मंडळाच्या डॉल्बीनं आमच्या स्टेजच्या फळ्या हलत होत्या. डॉल्बी थांबला तसा कोपऱ्यावरून बेंजोवाला निघाला. त्याच्या बेंजोलाही पिकअपच असतो, कुठल्या कंपनीचा ते त्यालाही माहीत नसेल. त्यानं पहिली ओळ वाजवली आणि आमच्यापुढच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. आमचा ढोलकीवालाही गेला.

सोमवारी मुका पिकअप रुमालात बांधून मी मोटार वाइंडिंगच्या दुकानात गेलो. तिथं उसाच्या पाण्याच्या मोटारी रांगेनं आतडी काढून पडलेल्या. मामांनी रुमाल उघडून बघितला.

‘‘कशाची मोटार म्हणायची ही?’’

‘‘मोटार न्हाई मामा, गिटारचा पिकअप. वाइंडिंग तुटलंय.’’

‘‘जळलंय?’’

‘‘न्हाई, माझ्याच हातनं तुटलं.’’

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तार उजेडात धरली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘पोरा, आमी हत्तीचं डाक्टर. तू मुंगी घिऊन आलायस.’’

मी सगळं सांगितलं. अमेरिकन गेज 42 ची तार, दोन कॉइल, प्रत्येकीत पाचेक हजार टर्न, सोडवली तर दीडेक किलोमीटर भरेल, अंबाबाईच्या देवळापासून रंकाळ्याला पोचून वर उरेल. ते मन लावून ऐकत होते. मला वाटलं, मामांना विषय पटला. मी म्हणालो, अल्निको आहे, विंटेज आवाज आहे, ऊबदार.

‘‘ते असूं दे,’’ ते म्हणाले. ‘‘आमचा दर किलोवर. ह्यात तांबं किती निघंल?’’

मी फोनवर गुणाकार केला. चाळीस ग्रॅमच्या आसपास.

‘‘साडेतीन तोळे.’’

मामांनी पिकअप परत रुमालात ठेवला, गाठ मारली आणि माझ्या हातात दिला.

‘‘तोळ्यातलं काम आमच्याकडं न्हाई. गुजरीत जा, सोनाराकडं.’’