२४ तास आणि एक पोच

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. दोन पोलिसांच्या मध्ये खाली मान घालून उभा असलेला एक पोरगा, वीसेक वर्षांचा. पार्किंगमधल्या बॅटऱ्या चोरल्याचा संशय. इथवर ठीक आहे. खाली एका सद्गृहस्थांनी लिहिलं, 'कोर्टबिर्ट कशाला? चार दिवस आत ठेवा, सोलून काढा, सगळं ओकेल.' त्यावर सतरा अंगठे. मोजले मी. त्यातले निम्मे तरी दर २६ नोव्हेंबरला, संविधान दिनाला, संविधानाच्या उद्देशिकेचा फोटो टाकणारे. 'आम्ही भारताचे लोक' म्हणे.

तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय. तिथे लिहिलं असतं तर मेंटेनन्सच्या मीटिंगपर्यंत पुरलं असतं.

मी सातवीत होते. धाकटा मामा आमच्याकडेच राहायचा, एका व्यापाऱ्याचा टेम्पो चालवायचा. गोदामातल्या काही पेट्या कमी भरल्या आणि दुपारी तीनच्या सुमारास पोलीस मामाला घेऊन गेले. आई पाच वाजता डबा घेऊन पोचली. हवालदार म्हणाले, "अटक कुठे केलीय बाई? चौकशीला बोलावलंय." आई म्हणाली, "मग झाली चौकशी की पाठवा ना भाऊ घरी." "साहेब येऊ द्या." साहेब रात्री आले आणि आले तसे गेले. आई बाहेरच्या बाकावर बसून राहिली. डबा तसाच परत आला.

अटक नाही, चौकशी. या एका शब्दाच्या आड माणूस किती वेळ ठेवता येतो बघा. नोंद नाही म्हणजे माणूस आणलेलाच नाही, आणि आणलेलाच नाही तर सोडायचा कुठून?

संविधानाचं २२ वं कलम नेमकं इथे आडवं येतं. अटक केलेल्याला कारण सांगा, वकिलाला भेटू द्या आणि २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढे उभा करा. आणि तिथे 'नागरिक' असा शब्दही नाही, 'व्यक्ती' असा आहे. सज्जन व्यक्ती, टॅक्स भरणारी व्यक्ती, सोसायटीत फ्लॅट असलेली व्यक्ती, असलं काही नाही. नुसती व्यक्ती. त्या बॅटऱ्यावाल्या पोरासकट.

हे कलम मूळ मसुद्यात नव्हतं, हे किती जणांना माहीत असेल? जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काच्या २१ व्या कलमात 'कायद्याने ठरवलेली कार्यपद्धती' एवढंच ठेवल्यावर संविधान सभेत बरीच कुरकुर झाली. उद्या सरकारने वाटेल तसला कायदा करून कुणालाही आत टाकलं तर? त्या सभागृहात स्वतः इंग्रजांच्या तुरुंगात राहून आलेले लोक बसले होते, त्यांना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मग सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी १५-अ म्हणून हे कलम आणलं. तेच पुढे २२ झालं. (याच कलमात पुढे प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेची, म्हणजे पुढे काही करेल म्हणून आधीच आत ठेवायची, पळवाट आहे, जिथे २४ तासांचा नियम लागूच होत नाही. आहे, नाही म्हणत नाही. आणि मला ती कधीच पटलेली नाही.)

परत मामाकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतले वकीलकाका स्कूटरवरून आले. मला वाटलं होतं, सिनेमातल्यासारखे टेबलावर हात आपटतील. त्यांनी एकच विचारलं, "स्टेशन डायरीत नोंद किती वाजताची आहे?" नोंद नव्हतीच. मग तिथेच बाकावर बसून त्यांनी फुलस्केपवर अर्ज लिहिला. अमुक इसमास काल दुपारी ३ वाजता आणले आहे, आज ३ वाजता २४ तास पूर्ण होतात, तरी अटक दाखवावी अथवा सोडावे. खाली कार्बन. वरची प्रत टेबलावर ठेवली, खालच्या प्रतीवर बोट ठेवून म्हणाले, "पोच द्या."

पोच कुणी देईना. तो कागद आत साहेबांकडे गेला, बाहेर आला, परत आत गेला. आई सांगते, वकीलकाका एक शब्द बोलत नव्हते, फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. दोन वाजून वीस मिनिटांनी मामा बाहेर आला. चपला हातात, डावा कान सुजलेला. कानाबद्दल त्याने आयुष्यभर एक अक्षर काढलं नाही.

सांगायचंय ते एवढंच आहे हो. त्या फुलस्केपमध्ये ताकद होती ती वकीलकाकांची नव्हती. सरकारला घड्याळ लावणारं एक वाक्य कुणीतरी आधीच लिहून ठेवलं होतं, ते त्यांनी तारीख-वेळ घालून टेबलावर ठेवलं, बस.

आणि ते वाक्य काढून घेतलं की काय होतं तेही आपण पाहिलंय. २८ एप्रिल १९७६, जबलपूर खटल्याचा निकाल. आणीबाणीत खटल्याशिवाय आत टाकलेल्यांना कोर्टात दाद मागता येते का, हा प्रश्न. न्यायमूर्ती खन्नांनी विचारलं, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरापोटी कुणाचा जीव घेतला तर? सरकारी बाजूने उत्तर आलं की आणीबाणी आहे तोवर दाद मागता येणार नाही. आणि सर्वोच्च न्यायालयातल्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली! एकटे खन्ना विरोधात राहिले, तर पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून त्यांच्या कनिष्ठाला सरन्यायाधीश केलं. त्यांनी राजीनामा दिला. मग ४४ वी घटनादुरुस्ती आली, २० आणि २१ ही कलमं आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असं ठरलं. तो निकाल अधिकृतपणे मोडीत निघायला २०१७ साल उजाडलं. ४१ वर्षं. आणि सतरा अंगठेवाल्यांना घाई झालीय.

हो, कोर्टात वर्षानुवर्षं जातात. हो, बॅटरीला पैसे पडतात, ज्यांची गेली त्यांचा जीव जळतो. मान्य. माझी गेली असती तर मीही चार शिव्या घातल्या असत्या. पण शिव्या घालणं वेगळं आणि 'चार दिवस आत ठेवा' म्हणणं वेगळं.

आता जे लिहितेय ते घरी कुणाला आवडणार नाही. मामाने त्या पेट्या उचलल्या होत्या की नाही, मला आजही माहीत नाही. गुन्हा दाखल झाला नाही, माल सापडला नाही, मामा गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मला शंका आहे. आईलाही असावी, कारण ती या विषयावर कधीच 'माझा भाऊ तसला नव्हता' असं म्हणत नाही. ती फक्त बाक, डबा आणि घड्याळ सांगते. आणि तेव्हापासून तिला कशाचीही पोच लागते. दूधवाल्याला पैसे दिले तरी विचारते, पोच घेतलीस का?

लिहिता लिहिता जरा थंड झालेय. ते अंगठेवाले काही राक्षस नाहीत. त्यातल्या एका काकांनी लॉकडाउनमध्ये आईची औषधं आणून दिली होती. त्यांच्या घरातलं कुणी कधी त्या बाकावर बसलेलं नाही, इतकंच.

मघाशी आईला फोटो दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत होती. मला वाटलं विचारेल, काय चोरलं याने, कुणाचा पोरगा.

म्हणाली, "किती वाजता नेलंय?"

ग्रुपवर विचारलंय. अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.