बॉडी खरी की चासी खरी

अँबॅसिडर किंवा पद्मिनी नव्याने उभी करणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. त्या गाड्यांना वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नसते. सगळं एकाच पत्र्याच्या अंगावर, त्यामुळे भांडायला दुसरा पक्षच नाही. आमची पडली जीप. वडिलांच्या वेळची, उंच बॉनेटची सीजे-थ्री-बी. विलिसवाल्यांनी १९५३ साली ती काढली तेव्हा इनटेक व्हॉल्व्ह इंजिनाच्या ब्लॉकमधून उचलून वरच्या हेडमध्ये नेले, इंजिन उंच झालं आणि त्याच्यावर बॉनेटलाही मान ताठ करावी लागली. पुढे महिंद्राने ती आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली. खाली चासी, वर बोल्टांनी धरलेली बॉडी. बोल्ट काढले की दोघं स्वतंत्र.

काढायला काय, कुणीही काढतं. चासी उद्यमनगरात मिस्त्रींकडे गेली आणि बॉडी गावाबाहेर पेंटरकडे. "अहो, जीप नक्की आहे कुठे?" या बायकोच्या प्रश्नाला मला कायम दोन पत्ते द्यावे लागत.

मिस्त्रींनी दोरी लावून चासीचे कर्ण मोजले, वाक काढला, इंजिन-गिअरबॉक्स चढवला आणि खोक्यावर बसून आवारात फेरीसुद्धा मारली. जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, म्हणजे बॉडीत, ती पेंटरकडे. त्यामुळे हेल्पर पोरगं पेट्रोलचा कॅन उंच धरून शेजारून पळत होतं.

तिकडे पेंटरने सडलेला फ्लोअर कापून नवा पत्रा मारला. फ्लोअर कापण्याआधी आत आडवा अँगल वेल्ड करतात, नाहीतर बॉडीच्या बाजू फाकतात. हा अँगल कुणी मारायचा होता, यावर अजून एकमत नाही.

शेवटी रविवार ठरला. बॉडी उचलायला तालमीतली पोरं आली. गिअरचा दांडा आणि फोर-व्हीलचे दोन दांडे आधीच काढून ठेवले होते, स्टिअरिंगचं चाकही. स्टिअरिंगचा रॉड बरोबर भोकातून वर आला, पोरांनी "चांगभलं!" केलं, पुढचे बोल्ट बसले. मागची भोकं मात्र बोटभर बाजूला.

"माझी चासी कर्णात आहे," मिस्त्री म्हणाले.

"माझ्या बॉडीला लेव्हल लावून बघा," पेंटर म्हणाला.

"भोक जरा ओव्हल करू."

"तुमच्या चासीचं करा. माझा रंग झालाय."

मागची बाजू अजून पोरांच्या हातांवर होती. त्यातलं एक कळवळून म्हणालं, "मालक, कोण खरं ते मागनं ठरवा, आधी टेकू द्या की!"

अशा वेळी एक काका हजर असतातच. आमचे एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. "आम्ही चासीवर अख्ख्या बस बांधल्या," ते म्हणाले. "बॉडी चासीवर बांधायची असते, आणून ठेवायची नसते." हे ज्ञान आम्हाला चार वर्षं उशिरा मिळालं. पण माणूस कामाचा. त्यांनी आधी सगळे बोल्ट ढिले करायला लावले. एकही आवळायचा नाही, आवळला की बाकीचे रुसतात. मग बॉडीच्या दोन्ही बाजूंना फडक्यावरून दोर बांधला, मध्ये गज घालून पीळ द्यायला सुरुवात केली. पत्रा कुरकुरला. पेंटरने डोळे मिटले. फाकलेल्या बाजू इंचाइंचाने नव्हे, सुताने जवळ आल्या आणि शेवटचा बोल्ट रबरी पॅकिंगमधून खाली उतरला.

"बघा, बॉडीच फाकली होती," मिस्त्री म्हणाले.

"चासी सरळ असती तर दोर कशाला लागला असता?" पेंटर.

संध्याकाळी बॅटरी जोडली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू, दिवे ढिम्म. खाली रबर, बोल्टांभोवती पेंटरचा जाडजूड रंग. बॉडीला अर्थिंगच, म्हणजे करंटला चासीकडे परतीची वाटच, मिळत नव्हती. मिस्त्रींनी अतिशय आनंदाने खिशातून पॉलिश पेपर काढला. एवढासा रंग खरवडला आणि चासीपासून एक पट्टी जोडली की काम झालं असतं. पेंटर दोन्ही हात पसरून बॉडीसमोर उभा राहिला.

काकांनी सगळ्यांना चहा सांगितला. माझ्या खात्यावर.